दाइगोची फुले आणि नदीकाठची माणसे

विहाराच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार पाने लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आम्ही थोडे घोटाळ्यात पडलो. आम्ही काही शिकलेले इतिहासकार नव्हे. साचेखात्यात पाळी करता करता आणि नंतर वस्तीतल्या वाचनालयात बसून जे वाचले तेवढेच आमचे विद्यापीठ. इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. परंतु 2024 च्या एप्रिलमध्ये आम्हा चौघा मित्रांना जपान पाहायची संधी मिळाली, आणि तिथे एका दिवसात जे पाहिले त्यामागचा इतिहास परत आल्यावर वाचून काढला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

चौघे म्हणजे आम्ही, आमच्याच गिरणीत त्रासनखात्यात असलेले दादा, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि आयुष्यभर बागेत नोकरी केलेले माळीबुवा. गुरुजींचा मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. तिकिटांचा निम्मा भार त्यानेच उचलला. तो म्हणाला, "काका, येताय तर साकुराच्या दिवसांत या. त्या आठवड्यात सगळा जपान झाडाखाली बसतो." साकुरा म्हणजे चेरीचे फूल. एप्रिलचा पहिला रविवार ठरला. सकाळी ओसाकाहून गाडी पकडली, यामाशिनाला उतरलो, तिथून भुयारी रेल्वेने दाइगो. सूनबाईंनी चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि ठेचा बांधून दिला होता.

दाइगो-जी हा क्योतो शहराच्या आग्नेयेला डोंगराला टेकून असलेला विहार. जपानीत 'जी' म्हणजे विहार, मठ. शोबो नावाच्या भिक्खूने 874 साली त्याची सुरुवात केली. शिंगोन पंथाचे हे मोठे केंद्र. आवारात पाच मजली लाकडी स्तूप उभा आहे, उंची 38 मीटर, बांधून पूर्ण झाला 951 साली. क्योतोमध्ये त्याच्याहून जुनी इमारत नाही. 1467 ते 1477 या काळात ओनिनचे युद्ध झाले, त्यात क्योतो शहर बेचिराख झाले. दाइगोचा खालचा सगळा परिसर जळाला, हा स्तूप तेवढा राहिला. तिकीट माणशी पंधराशे येन. दादांनी लगेच रुपयांत हिशेब केला आणि तोंड वाकडे केले. पण आत गेल्यावर तेही गप्प झाले.

फुले कशी होती ते सांगायचा आम्ही फार प्रयत्न करणार नाही. पान एकही नाही, नुसती फुले. काही झाडांच्या फांद्या खाली लोंबतात, त्यांना शिदारे-झाकुरा म्हणतात. वाकलेल्या म्हाताऱ्या फांद्यांना खालून लाकडाच्या टेकणी दिलेल्या, बांधलेल्या ठिकाणी सालीला घासू नये म्हणून गुंडाळी केलेली. माळीबुवा फुलांकडे कमी आणि त्या टेकणींकडे जास्त पाहत होते. रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या आवारात जपानभर जो साकुरा दिसतो तो बहुतेक 'सोमेई योशिनो' जातीचा. एका झाडाच्या कलमावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, अशी ती सारी एकाच झाडाची रूपे आहेत. म्हणून एका गावातली झाडे जवळपास एकदमच फुलतात. ही जात काही फार पुरातन नाही, एकोणिसाव्या शतकात एदो म्हणजे आजच्या तोक्योच्या बाजूला पसरली. त्याआधीच्या सगळ्या गोष्टी डोंगरी साकुराच्या आणि लोंबत्या साकुराच्या.

आता फुले पाहण्याच्या या रिवाजाविषयी. त्याला 'हानामी' म्हणतात. सम्राट सागा याने 812 साली क्योतोमध्ये शिनसेन-एन या बागेत फुलांची मेजवानी केली, तिची नोंद राहिली. तेव्हापासून राजदरबारी आणि विहारातले भिक्खू आपल्या रोजनिश्यांत साकुरा कधी भरात आला, कोण कोणासोबत पाहायला गेले, हे लिहीत आले. या रोजनिश्या आजच्या शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडल्या. त्यांवरून ओसाकाच्या एका प्राध्यापकांनी बाराशे वर्षांतल्या बहराच्या तारखा जुळवल्या. 2021 साली क्योतोचा पूर्ण बहर 26 मार्चला आला. 1409 साली तो 27 मार्चला आला होता, त्यालाही मागे टाकले. हवा किती तापली हे सहा शतकांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीवरून समजते, हे ऐकून गुरुजी म्हणाले, "बघा, लिहून ठेवण्याची किंमत!"

दाइगोचा साकुरा सगळ्या जपानात गाजला तो तोयोतोमी हिदेयोशीमुळे. हा माणूस ध्यानात घेण्यासारखा आहे. ओवारी प्रांतातल्या एका साध्या पायदळ शिपायाच्या, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. तलवारीच्या आणि अकलेच्या जोरावर चढत चढत साऱ्या देशाचा धनी झाला. 1585 साली त्याने दरबारातले 'कांपाकू' हे सर्वोच्च पद मिळवले, पण त्यासाठी त्याला एका थोर घराण्यात दत्तक जावे लागले. वर पोचल्यावर त्याने काय केले? 1588 साली शेतकऱ्यांकडची हत्यारे काढून घेतली. 1591 साली फर्मान काढले की लढवय्याने शेतकरी-व्यापारी व्हायचे नाही आणि शेतकऱ्याने जमीन सोडून दुसरा धंदा धरायचा नाही. ज्या शिडीने आपण चढलो ती शिडी वर ओढून घेतली. दादा म्हणाले, "असे पुढारी आपल्याकडंही कमी नाहीत." असो.

जळालेला दाइगो-जी उभा करावा म्हणून तिथले प्रमुख भिक्खू गिएन खटपट करत होते. हिदेयोशीने मनावर घेतले. आसपासच्या प्रांतांतून सुमारे सातशे साकुराची झाडे आणवून वाटेच्या दोन्ही बाजूंनी लावली, आणि 1598 च्या वसंतात, आपल्या हिशेबाने 20 एप्रिलला, तेराशेच्या आसपास माणसे घेऊन फुले पाहण्याचा सोहळा केला. त्यांत जवळजवळ सगळ्या स्त्रिया, त्याच्या राण्या आणि त्यांच्या दासी. डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर चहाची घरे बांधली. मद्याचा प्याला राणीनंतर आधी कोणी घ्यायचा यावरून दोघींचे भांडणही जुंपले. त्याच वर्षी सप्टेंबरात हिदेयोशी मेला. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी या सोहळ्याची मिरवणूक निघते. आम्ही एक आठवडा आधी गेलो होतो, त्यामुळे ती हुकली.

एक गोष्ट मात्र तिथल्या फलकांवर आम्हाला दिसली नाही. हा सोहळा चालला होता तेव्हा हिदेयोशीचे सैन्य कोरियात कत्तल करत होते. मारलेल्यांची नाके कापून, मिठात घालून क्योतोला पाठवत. हजारो माणसांची ती नाके 1597 साली जिथे पुरली तो मातीचा उंचवटा क्योतोमध्ये अजून आहे. त्याला 'मिमिझुका' म्हणतात.

सानबोइन हा दाइगो-जीचा भाग. तिथली तळ्याची बाग हिदेयोशीने त्याच सोहळ्याच्या वेळी स्वतः आखली, असे सांगतात. व्हरांड्यात बसून ती बघायची, पायरी उतरून जायचे नाही. मधोमध एक चौकोनी उंच दगड आहे, 'फुजितो' त्याचे नाव. तो मालकापाठोपाठ मालक बदलत हिदेयोशीच्या वाड्यातून इथे आला. आम्ही सगळे शांत बसलो होतो. तेवढ्यात माळीबुवांनी गुरुजींच्या मुलाला विचारले, "बाळ, आखली त्या राजानं. पण हे दगड उचलले कोणी? एवढी वाढलेली झाडं मुळासकट काढून आणायची, खड्डे खणायचे, ती जगवायची, हे कुणाचं काम?"

मुलाला सांगता येईना. आमच्या मनात मात्र तो प्रश्न राहिला. परत आल्यावर त्याचाच शोध घेतला, आणि जे सापडले त्याने आम्ही हललो.

जुन्या क्योतोमध्ये कामो नदीच्या काठी काही लोक राहत. नदीचा काठ पुरात जाणारी जमीन, तिच्यावर सारा नाही, म्हणून ज्यांना दुसरीकडे जागा नाही ते तिथे. त्यांना 'कावारामोनो' म्हणत, म्हणजे नदीकाठची माणसे. मेलेली गुरे ओढणे, कातडी काढणे, ती नदीच्या पाण्यात धुऊन कमावणे, विहिरी खणणे, माती-दगड हलवणे ही त्यांची कामे. मेलेल्याला आणि रक्ताला शिवणारा तो विटाळलेला, अशी तिथे समजूत होती. जपानी भाषेत या विटाळाला 'केगारे' म्हणतात. पुढे या लोकांना 'एता' हे नाव चिकटले. ते ज्या दोन अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ होतो 'फार घाण'. दुसऱ्या एका वर्गाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे जो माणूस नाही तो. वाचकहो, या ओळी लिहिताना आम्हाला भाषांतर करतो आहोत असे वाटलेच नाही.

आणि याच माणसांतून चौदाव्या-पंधराव्या शतकात बागा करणारे कसबी लोक निघाले. माती ओळखणारे, दगड हलवणारे, झाड कसे उपटले तर जगते हे जाणणारे तेच होते. त्यांना 'सानसुइ कावारामोनो' म्हणू लागले. सानसुइ म्हणजे डोंगर-पाणी, अर्थात बाग. शोगुनासाठी चांगले झाड कुठे आहे ते हुडकत ते मोठमोठ्या वाड्यांत आणि विहारांत फिरत, आणि पसंत पडले ते झाड काढून नेत. त्यांतला सर्वांत नामांकित झेनआमी. जन्म 1386, मृत्यू 1482, शहाण्णव वर्षांचे आयुष्य. शोगुन आशिकागा योशिमासा याचा तो आवडता. झेनआमी आजारी पडला तर शोगुन स्वतः औषध पाठवी. पण एवढ्या मानाने जातीचा शिक्का गेला का? 1428 सालच्या एका दरबाऱ्याच्या रोजनिशीत नोंद आहे, की सम्राटाच्या वाड्यातल्या बागेचे काम पूर्वी कावारामोनो करत, परंतु ते विटाळाचे म्हणून त्यांना मज्जाव झाला आणि दुसरे लोक लावले. ज्या रोजनिश्यांत फुलांच्या तारखा बाराशे वर्षे नीट लिहिल्या, त्यांच्यातच ही माणसे अशी कुठे अर्ध्या ओळीत सापडतात.

दाइगोचेही तेच. गिएन भिक्खूंच्या रोजनिशीत नदीकाठच्या कामकऱ्यांचे उल्लेख आहेत. हिदेयोशी मेल्यावर गिएननी सानबोइनच्या बागेचे काम पुढे वीस वर्षांहून अधिक चालू ठेवले, आणि त्यांत योशिरो नावाचा माणूस होता. तो दगड बसवण्यात देशात पहिल्या नंबरचा, असे गिएननी लिहिले. निवृत्त सम्राटाने त्याला 'केनतेई' हे नाव बहाल केले. हा योशिरोही त्याच नदीकाठच्या लोकांतला मानतात. माळीबुवांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा नाव विचारून घेतले. "योशिरो. योशिरो ना?" एवढेच म्हणाले.

त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हते. आम्ही दाइगोहून भुयारी गाडीने हिगाशियामाला आलो आणि ओकाझाकी भागात कालव्याच्या काठी बसून चपात्या सोडल्या. विहाराच्या आवारात डबा उघडण्यापेक्षा हे बरे. हा कालवा बिवा तलावाचे पाणी क्योतोत आणतो, 1890 साली पूर्ण झाला. त्या पाण्यावर 1891 मध्ये केआगे येथे वीज काढली आणि ती यंत्रांना दिली. निशिजिनच्या विणकरांनी त्याआधीच 1872 साली माणसे फ्रान्सला लिओनला धाडून जॅकार्डचे माग आणवले होते. आम्ही दादांना हे सांगत होतो तर त्यांचे लक्ष शेजारच्या मंडळींकडे. निळे कापड अंथरून, चपला बाहेर ओळीत काढून, म्हातारी-पोरे जेवत होती. एका आजीबाईंनी आम्हाला साकुराच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोड गोळा दिला. आम्ही तिला चपाती-ठेचा दिला. ठेच्याचे काय झाले ते लिहीत नाही!

जेवण झाल्यावर उठलो आणि जवळच एका दगडी खुणेपाशी गुरुजींचा मुलगा थांबला. त्याने अक्षरे वाचली: राष्ट्रीय सुइहेइशा स्थापना झाली ती जागा. सुइहेइशा म्हणजे समतल करणाऱ्यांची सभा. 3 मार्च 1922 रोजी तिथल्या सभागृहात देशभरातून दोन-तीन हजार माणसे जमली. तीच ती, ज्यांना पूर्वी 'एता' म्हणत. सरकारने 1871 साली फर्मान काढून ती नावे रद्द केली होती, पण कागदावर. उलट 1873 मध्ये मिमासाका भागात दंगली झाल्या, यांच्या वस्त्या जाळल्या आणि अठरा माणसे मारली. पन्नास वर्षे वाट पाहून मग हे लोक स्वतःच उठले. जाहीरनामा लिहिला साइको मान्किची याने. तो नारा प्रांतातल्या काशिवारा गावच्या एका विहाराच्या पुरोहिताचा मुलगा. त्या सभेत यामादा कोनोजिरो नावाचा सोळा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि शाळेत आपल्याशी कसे वागतात ते बोलला. काळ्या कापडावर काट्यांचा लाल मुकुट, हे त्यांचे निशाण. पुढच्याच वर्षी कोरियात खाटिक समाजाने ह्योंगप्योंगसा नावाची अशीच संघटना काढली, आणि दोघांचे एकमेकांकडे येणे-जाणे झाले. ज्या कोरियावर हिदेयोशी चालून गेला होता, तोच हा कोरिया. महाडचे तळे 1927 चे. आम्ही चौघेही त्या खुणेपाशी बराच वेळ उभे राहिलो. आजूबाजूची गर्दी फुलांचे फोटो काढत होती.

तिथून पुढे दादांनी विचारले ते टाळता येणार नाही. ते म्हणाले, "हा देश बुद्धाचा ना? मग इथं हे कसं?"

आम्हाला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज जेवढे समजले तेवढे लिहितो, ते कडू आहे. तिथल्या धर्मसंस्थांनी या विटाळाला आधार दिला. प्राणिहत्या करू नये हे पहिले शील. पण ज्याच्यावर मेलेली गुरे ओढण्याचे काम लादले त्यालाच पापी ठरवायला ते वापरले गेले. या लोकांसाठी वेगळे विहार, वेगळे पुरोहित. मेल्यावर भिक्खू मृताला धर्मनाम देतात आणि ते थडग्यावर कोरतात, त्यातही 'पशू', 'नोकर' अशा अर्थाची अक्षरे घालून मेलेल्याची जात दगडावर कायम केली. हे लोक बहुसंख्येने शिनरानच्या जोदो शिनशू पंथाचे. शिनरान बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेले. शिकारी, मासेमार, हलके मानलेले सगळे अमिताभाच्या करुणेत आधी येतात, अशी त्यांची शिकवण. पण त्यांच्याच नावाने चालणाऱ्या दोन मोठ्या होन्गान-जी मठांत दर्जाची उतरंड होती. म्हणून सुइहेइशाने स्थापनेनंतर लगेच त्या मठांना बजावले, की वीस वर्षे आमच्याकडून देणगी मागू नका. आम्हाला ही गोष्ट सगळ्यांत आवडली. धर्म सोडला नाही, पण दानपेटीचे झाकण बंद केले. 1979 साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या एका बौद्ध पुढाऱ्याने, आमच्या देशात असा भेदभावच नाही, असे सांगून टाकले. त्यावर गदारोळ झाला. पुढे त्यांनी चूक कबूल केली, आणि त्यांच्या सोतो पंथाने आपल्या विहारांतल्या मृतांच्या वह्या आणि थडगी तपासायला घेतली.

दुपारनंतर आम्ही 'तत्त्वज्ञाच्या वाटे'ने गिनकाकु-जीला, म्हणजे रुपेरी विहाराला गेलो. कालव्याकाठच्या या वाटेवरचा साकुरा हाशिमोतो कानसेत्सू नावाच्या चित्रकाराने आणि त्याच्या बायकोने, योने तिचे नाव, शहराला दिला. पाकळ्या पाण्यावर पडून पाणी दिसेनासे झाले होते. गर्दी अशी की दादरच्या पुलावर चालतो आहोत असे वाटावे. गिनकाकु-जी हे मुळात त्याच शोगुन योशिमासाचे राहण्याचे ठिकाण, 1482 साली काम सुरू झाले. झेनआमी त्याच वर्षी वारला. इथे त्याचा नातू माताशिरो राबला. या माताशिरोची एक नोंद आहे आणि ती आम्ही विसरू शकत नाही. 1489 साली एका झेन भिक्खूशी बोलताना त्याने सांगितले, की कसायाच्या घरी जन्म झाला याचे दुःख मनात आहे. म्हणून त्याने शपथ घेतली होती, प्राणी मारायचा नाही आणि लोभ धरायचा नाही. भिक्खूने घरी जाऊन ते लिहून ठेवले. एका विटाळलेल्या बागवानाचे मन पाचशे वर्षे टिकले ते त्या नोंदीमुळे. बागेत पांढऱ्या वाळूचा उंच सपाट ढीग आहे, मागे शेवाळाने हिरवा झालेला डोंगर. माळीबुवांनी वाकून शेवाळ निरखले आणि मुलगा ओरडला, "काका, हात नका लावू!" बुवा म्हणाले, "अरे, बघतोय नुसतं."

संध्याकाळी क्योतो स्टेशनकडे येताना, गाडीला वेळ होता म्हणून, मुलगा आम्हाला स्टेशनच्या पूर्वेला सुजिन भागात घेऊन गेला. दगडी खुणेपाशी आमची अवस्था त्याने पाहिली होती. कोणाला तरी फोन करून त्याने विचारून घेतले होते. ही कामो नदीच्या बाजूची जुनी वस्ती, त्याच लोकांची. बँका त्यांना कर्ज देत नसत, तेव्हा वस्तीतल्या लोकांनीच 1899 मध्ये आपली बँक काढली, यानागिहारा बँक. तिची 1907 सालची लाकडी इमारत मूळ जागेवरून हलवून जपली आहे, आत संग्रहालय आहे. 2023 मध्ये शहराचे कला विद्यापीठ या भागात आले, त्यामुळे चहूकडे नवी काचेची बांधकामे, आणि त्यांत ही दोन मजली जुनी बँक. संग्रहालय बंद झाले होते. आम्ही खिडकीतून आत डोकावलो, अंधारात काही दिसले नाही. दादांनी दारावर हात ठेवला. ते आमच्या पतपेढीचे पंधरा वर्षे खजिनदार होते.

मग स्टेशनवर आलो. ओसाकाच्या गाडीला रविवारची तोबा गर्दी होती, उभ्यानेच यावे लागले. माळीबुवांच्या टोपीला दोन पाकळ्या चिकटलेल्या होत्या, त्या सूनबाईंनी घरी आल्यावर काढल्या.